अल्बममधली चौकट आणि तिकिटावरची किंमत

जुन्या अमेरिकन पोस्टाच्या तिकिटांचा छापील अल्बम उघडला की तिकिटांच्याही आधी नजरेत भरतात त्या चौकटी. प्रत्येक तिकिटाची जागा पानावर आधीच आखलेली असते. संग्राहकाने तिकीट मिळवायचं आणि तिथे लावायचं. १८४७ साली निघालेल्या पहिल्या दोन तिकिटांपासून (५ सेंटवर फ्रँकलिन, १० सेंटवर वॉशिंग्टन) पानं उलटत गेलात की एका देशाची गोष्ट चित्रकथेसारखी पुढे सरकते.

या पोस्टमध्ये हा अल्बम आपण पुस्तकासारखा वाचूया आणि पुस्तकाचं करतात तसं त्याचं परीक्षणही करूया. माझं संशोधन रोजच्या वापरातल्या छापील चित्रांवर आहे, त्यामुळे प्रत्येक पानाला माझा प्रश्न एकच: हे चित्र त्या काळी किती लोकांच्या हातात पडलं? अल्बम इथेच गप्प बसतो.

एकच चित्र, दोन किमती

१८६९ची मालिका घ्या. तोवर अमेरिकन तिकिटांवर फक्त थोर पुरुषांचे चेहरे असायचे. या मालिकेत पहिल्यांदाच घोडेस्वार टपालवाला, रेल्वे इंजिन, आगबोट अशी चित्रं आली. लोकांना ती फारशी रुचली नाहीत आणि पुढच्याच वर्षी चेहरे परत आले. त्या मालिकेतल्या १५ सेंटच्या तिकिटावर कोलंबस किनाऱ्यावर उतरतो आहे. मूळ चित्र जॉन व्हँडरलिनचं, वॉशिंग्टनमधल्या संसद भवनाच्या घुमटाखाली लावलेलं.

आता काही पानं पुढे या. १८९३, शिकागोचं जागतिक प्रदर्शन, कोलंबसच्या सफरीची ४०० वर्षं. इथे २ सेंटच्या तिकिटावर पुन्हा तेच व्हँडरलिनचं चित्र. अल्बममध्ये दोघांना एकेक चौकट, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, बरं, चित्र पुन्हा वापरलं, एवढंच.

पण १८९३ साली साध्या पत्राचा दर होता २ सेंट. म्हणजे हे तिकीट घराघरांत गेलं. त्याच्या शंभर कोटींहून जास्त प्रती निघाल्या. १८६९ साली साध्या पत्राला ३ सेंट पुरत, म्हणून १५ सेंटचं तिकीट सामान्य माणसाच्या पत्रावर सहसा दिसायचं कारणच नव्हतं. चित्र तेच, पण ते घराघरांत पोचलं ते दुसऱ्या वेळी. कोलंबसचं हे दृश्य लोकांच्या मनात कसं रुजलं याचा अभ्यास करायचा तर २ सेंटचं तिकीट महत्त्वाचा पुरावा ठरतं, १५ सेंटचं फार तर तळटीप.

चढत्या भाजणीचं पान

१८९३च्या याच मालिकेत एकूण १६ तिकिटं होती, १ सेंटपासून ५ डॉलरपर्यंत. अख्खा संच दर्शनी किमतीला घ्यायचा तर १६ डॉलर ३४ सेंट. ५ डॉलरच्या एका तिकिटाच्या पैशात तेव्हा २५० साधी पत्रं गेली असती! हे घेणार कोण? पोस्टमास्टर जनरल जॉन वॉनामेकर हे मूळचे फिलाडेल्फियाच्या मोठ्या दुकानाचे मालक. संग्राहक नावाचं गिऱ्हाईक त्यांनी अचूक हेरलं होतं. टीका भरपूर झाली. ५ डॉलरच्या प्रती तीस हजारांच्याही आत राहिल्या.

अल्बम मात्र हे पान किमतीच्या चढत्या क्रमाने मांडतो. डोळा एका सेंटपासून निघतो आणि डॉलरवाल्या तिकिटांवर जाऊन थांबतो, जणू तिथे गोष्टीचा कळस आहे. प्रत्यक्ष वापराचं चित्र बरोबर उलटं होतं. ४ डॉलरच्या तिकिटावर राणी इसाबेला आहे. ‘अमेरिकन तिकिटावरची पहिली स्त्री’ म्हणून तिचं नाव नेहमी सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. पण ती किती जणांना दिसली, हे विचारलं की त्या ‘पहिली’ शब्दाची हवा जरा कमी होते.

१८९८ची ओमाहाच्या प्रदर्शनाची मालिकाही अशीच. संग्राहक ज्याच्यावर जीव टाकतात ते १ डॉलरचं ‘वादळातली पश्चिमेकडची गुरं’. कोरीवकाम खरोखर अप्रतिम आहे. पण गुरं आहेत स्कॉटलंडची! मूळ चित्र जॉन मॅकव्हर्टर या स्कॉटिश चित्रकाराचं. सामान्य पत्रांवर गेलं ते २ सेंटचं शेतीचं दृश्य, आणि ते नॉर्थ डकोटातल्या खऱ्या शेताच्या फोटोवरून केलेलं होतं.

१९४०: दोन तिकिटं

इथवर ही सगळी गंमत वाटू शकते. १९४०च्या पानावर ती संपते.

त्या वर्षी ‘प्रसिद्ध अमेरिकन’ मालिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांचं तिकीट निघालं. अमेरिकन तिकिटावर आलेली ही पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. त्यासाठी गुलामगिरीत जन्मलेले आणि पुढे फिलाडेल्फियात बँकर झालेले मेजर रिचर्ड राइट यांनी चिकाटीने प्रयत्न केले होते. शिक्षणतज्ज्ञांच्या गटात ५ तिकिटं होती: १, २, ३, ५ आणि १० सेंट. वॉशिंग्टन यांना मिळालं १० सेंटचं, गटातलं सगळ्यात महाग. साध्या पत्राचा दर होता ३ सेंट, आणि त्या तिकिटावर होते हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुलामगिरी संपवणाऱ्या १३व्या घटनादुरुस्तीचं तिकीट निघालं, ३ सेंटचं. त्यावर थॉमस बॉल यांचं शिल्प: लिंकन उभे, आणि त्यांच्या पायाशी गुडघा टेकलेला कृष्णवर्णीय माणूस.

दोन्ही तिकिटं अल्बममध्ये थोड्या अंतरावर, सारख्याच मानाने बसतात. पान बघून कोणीही म्हणेल, १९४० हे चांगलं वर्ष होतं. पण रोजच्या पत्रावर चिकटून दारोदार जाणार होता तो गुडघा टेकलेला माणूस. सूट घातलेला, ताठ नजरेचा शिक्षणतज्ज्ञ महागड्या टपालापुरता. हा फरक कोणी मुद्दाम केला की आपोआप झाला, हा वेगळा प्रश्न. परिणाम मात्र तोच.

साध्या पत्राच्या दरात कृष्णवर्णीय व्यक्तीचं स्वतंत्र तिकीट यायला १९४८ उजाडलं. ती व्यक्ती आपल्या ओळखीची आहे: जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ वाचलेल्यांना आठवेल, कार्व्हरना टस्कीगीला बोलावणारे बुकर टी. वॉशिंग्टनच. अल्बममध्ये गुरुजी आधी येतात, कार्व्हर आठ वर्षांनी. लोकांच्या टपालपेटीत मात्र कार्व्हर गुरुजींपेक्षा सहज पोचू शकले.

मग अल्बमचं काय करायचं?

अल्बमचे उपकार मोठे आहेत. तो नसता तर ही नाजूक कागदं टिकलीच नसती, आणि १८६९ व १८९३ शेजारी ठेवून बघणंही जमलं नसतं. माझी तक्रार आहे ती त्याच्या समान चौकटींबद्दल. कोटींत छापलेलं आणि हजारांत छापलेलं, दोघांना तो एकाच मापाची जागा देतो. त्यातून कोऱ्या तिकिटाला मान जास्त. म्हणजे जे तिकीट कधी प्रवासालाच गेलं नाही, ते अधिक मोलाचं! शिक्का बसलेलं तिकीट पाकिटासकट जपलेलं असेल तर कुठून कुठे, कधी, कशासाठी गेलं ते निदान कळतं. आपण लहानपणी पाकिटाचा कोपरा कापून पाण्यात भिजवायचो आणि तिकीट सोडवून घ्यायचो. त्या वाटीतल्या पाण्यात बराचसा पुरावा जायचा.

तेव्हा पुढच्या वेळी असा अल्बम हातात आला, तर चित्राआधी किंमत वाचा. मग त्या वर्षी साधं पत्र कितीला जायचं ते शोधा. दोन्ही आकडे जुळले, तर ते चित्र खरोखर लोकांनी पाहिलं असं समजायला हरकत नाही. जुळले नाहीत, तर ते कोणासाठी काढलं होतं, हा पुढचा प्रश्न विचारा.