प्रतियोजनाची रीत आणि गळणाऱ्या उकली

पदवी स्तरावर पहिल्या कोटीची अवकल समीकरणे सोडविण्यासाठी प्रतियोजन, म्हणजेच चलबदल, ही रीत शिकविली जाते. मूळ चलाच्या जागी सोयीचे नवे चल घेऊन समीकरणाला परिचित रूप द्यावे, एवढेच तिचे तत्त्व. अध्यापनात मात्र पुष्कळदा हे तत्त्व मागे पडून प्रकार आणि त्यांची ठराविक प्रतियोजने यांची यादीच उरते.

या रीतीचा उगम यादीत नाही. याकोब बर्नुली यांनी १६९५ मध्ये एक अरेषीय समीकरण मांडले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढच्याच वर्षी लायब्निट्स यांनी प्रतियोजनाने ते रेषीय रूपात आणले. 'कोणती राशी घेतली असता समीकरण रेषीय होईल?' या प्रश्नाचे ते उत्तर होते. विद्यार्थ्याला उत्तर मिळते, प्रश्न मिळत नाही.

याहून गंभीर उणीव तर्काची आहे. य′ = (य/क्ष)² हे समघाती समीकरण घ्यावे. य = उ·क्ष मानल्यास क्ष·उ′ = उ(उ − १) असे रूप मिळते. चल विभक्त करताना उ(उ − १) ने भागावे लागते. समाकलनानंतर य = क्ष/(१ − अ·क्ष) ही उकल येते; येथे अ हा स्थिरांक आहे. अ = ० घेतल्यास य = क्ष ही उकल परत मिळते. परंतु य = ० ही उकल अ च्या कोणत्याही किमतीने मिळत नाही, आणि तरीही ती समीकरणाचे समाधान करते. भागाकाराच्या पायरीवरच ती गळून पडलेली असते.

हा दोष केवळ औपचारिक नव्हे. व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये मांडलेले लोकसंख्यावाढीचे समीकरण बर्नुली प्रकारचेच आहे. लोकसंख्येचा व्यस्त हे नवे चल घेतल्यास ते रेषीय होते. पण शून्य लोकसंख्येची स्थिर उकल त्याच क्षणी वगळली जाते. शून्यापासून किंचित ढळलेली लोकसंख्या पुन्हा शून्याकडे न येता कमाल मर्यादेकडे जाते. शून्य स्थितीचे हे अस्थैर्य प्रतिमानाचा गाभा आहे, आणि वगळलेल्या उकलीविना ते दिसत नाही.

म्हणून प्रत्येक भागाकारापाशी 'छेद शून्य नसेल तर' ही अट लिहिणे आणि छेद शून्य असतानाची शक्यता मूळ समीकरणात तपासणे, हा उत्तराचाच भाग मानला पाहिजे. उत्तरपत्रिकेत या पायरीला गुण नसतील, तर वर्गातील तिचा आग्रह फार काळ टिकणार नाही.