एक्सएमएलचे पाठभेद

जुन्या कागदपत्रांच्या नकला संगणकावर उतरवून ठेवण्याकरितां एक्सएमएल ही खुणांची पद्धत आतां रूढ झाली आहे. टीईआयच्या २००७ सालच्या पी५ नियमावलींत हस्तलिखितांच्या वर्णनाची सोयही तींतच केलेली आहे. परंतु या पद्धतींत एक मूलगामी उणीव आहे. १९९८ चें एक्सएमएल मानक खुणा कशा लिहाव्या हें सांगतें. त्या वाचून हातीं काय यावें, हें पुरतेपणीं ठरवीत नाहीं. तें पुढील मानकांनीं आपापल्या परीनें ठरविलें.

उदाहरणार्थ, एखाद्या पत्राच्या परिच्छेदांतील मधलाच मजकूर सीडेटा खुणेंत घातला, तर डॉम (१९९८) त्या परिच्छेदाचे तीन खंड करितो; एक्सपाथ (१९९९) सर्व मिळून एकच खंड मानितो; इन्फोसेट (२००१) प्रत्येक वर्णचिन्ह निराळें मोजितो. मग ‘परिच्छेदांतील दुसरा खंड’ असा स्थलनिर्देश केल्यास एकास मधला मजकूर मिळेल, दुसऱ्यास कांहींच नाहीं, तिसऱ्यास एक चिन्ह. नक्कल मात्र एकच!

ऋग्वेदाचे संहितापाठ व पदपाठ भिन्न आहेत. पण त्यांचा परस्परसंबंध प्रातिशाख्यानें नियमबद्ध केला आहे. येथें तसें प्रातिशाख्य आरंभीं नव्हतें. २००७ मध्यें एक्सपाथ, एक्सक्वेरी व एक्सएसएलटी यांस एक्सडीएम हें सामाईक प्रतिमान मिळालें, ही गोष्ट स्तुत्य होय. तथापि ब्राउझरांत अद्याप डॉमच चालतो. सर्व मानकांचें प्रतिमान एक होईपर्यंत, नक्कल कोणत्या प्रतिमानानें वाचावयाची हें संग्राहकांनीं तिच्या शिरोभागींच नमूद करावें. एरवीं आपले स्थलनिर्देश पुढील संशोधकांस निरुपयोगी ठरतील.