पहाणीचा कागद आणि वाचणारा : चिंताकी होबळीच्या निमित्ताने

कर्नाटकातील जमीन-नोंदींच्या संगणकीकरणावर गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. ‘भूमी’ प्रकल्पाखाली २००१ च्या सुमारास राज्यभरातील सुमारे ६७ लाख खातेदारांचे दोन कोटी उतारे संगणकात गेले, हस्तलिखित पहाणीची वैधता संपली आणि त्या काळी पंधरा रुपये भरून तालुक्याच्या खिडकीवर उतारा मिळू लागला. या प्रकल्पाची स्तुती झाली तशी टीकाही झाली. २००२ साली बंगळूरच्या पब्लिक अफेअर्स सेंटरसाठी लोबो व बालकृष्णन यांनी केलेल्या पाहणीत असे आढळले की, जुन्या पद्धतीत सुमारे दोन-तृतीयांश लोकांना लाच द्यावी लागे, तर भूमीच्या खिडकीवर हे प्रमाण शंभरात तीनवर आले. याउलट सॉलोमन बेंजामिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असे प्रतिपादन केले की, नोंदी एकत्र आल्यामुळे बंगळूरभोवतीची जमीन मिळविणे बड्या खरेदीदारांना सोपे झाले. दोन्ही बाजूंचे म्हणणे अभ्यासण्यासारखे आहे. परंतु हा सारा वाद कागद कोणाला मिळतो, किती वेळात आणि किती पैशांत मिळतो, याभोवती फिरतो. हाती पडलेला कागद कळतो का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

त्यासाठी बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील चिंताकी होबळीचे उदाहरण घेतले आहे. (होबळी म्हणजे महाराष्ट्रातील महसूल मंडळ.) या भागात घरात मराठी किंवा दखनी उर्दू, कचेरीत कन्नड आणि आजोबांच्या पेटीत निजामकाळातील उर्दू कागद, अशी स्थिती सर्रास आढळते. तीन लिप्यांत वाटल्या गेलेल्या अशा घराला संगणकाने दिलेला स्वच्छ छापील उतारा हा अर्धाच उपयोगी पडतो.

याचे मूळ १ नोव्हेंबर १९५६ मध्ये आहे. राज्य-पुनर्रचनेत हैदराबाद राज्याचा जुना बीदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात गेले. जहीराबाद व नारायणखेड आंध्रात मेदकला जोडले गेले. औराद, भालकी, हुमनाबाद बीदरबरोबर म्हैसूर राज्यात राहिले. एकाच दप्तरातून निघालेल्या कागदांना पुढे तीन वेगवेगळी वळणे लागली. उदगीरच्या शेतकऱ्याला सातबारा मिळाला. जहीराबादच्या नोंदी २०२० पासून ‘धरणी’ या व्यवस्थेत गेल्या, तीही बदलून २०२५ मध्ये ‘भू भारती’ आली. औरादच्या शेतकऱ्याकडे आर.टी.सी., म्हणजेच पहाणी राहिली. मराठीत सातबारा समजावून देणारी पुस्तके कमी नाहीत, मात्र ती सर्व महाराष्ट्राच्या नमुन्यावर बेतलेली आहेत. औरादच्या मराठी माणसाला कर्नाटकाची पहाणी मराठीतून उलगडून सांगणारे पुस्तक निदान माझ्या पाहण्यात नाही.

वास्तविक हे काम वाटते तेवढे अवघड नाही. कन्नड पहाणीवरचे शब्द मोठ्याने वाचून दाखवले की चिंताकीचा मराठी माणूस चकित होतो, कारण त्यातील निम्मे शब्द त्याचेच असतात. खाते, हिस्सा, खराब, आकारबंद, टिप्पण आणि खुद्द पहाणी, हे सारे शब्द मराठी व फारसी महसुली परंपरेतून कन्नडमध्ये गेलेले किंवा दोन्हीकडे समान असलेले आहेत. वारसाच्या नोंदीला आपण फौती म्हणतो, तिकडे तिला पौती खाते म्हणतात. अडसर भाषेपेक्षा लिपीचा अधिक आहे. मराठीभाषक प्रौढाला कन्नड अक्षरे व अंक शिकवले तर तो आपली पहाणी वाचू शकेल, असे माझे मत आहे. कन्नड साहित्य वाचण्याची पात्रता त्यासाठी लागत नाही.

अर्थात लिपी कळली म्हणजे कागद कळला असे नव्हे. माझ्याच चुकीचे उदाहरण देतो. चिंताकी होबळीतील एका विद्यार्थ्याने घरची पहाणी वर्गात आणली. क्षेत्राच्या रकान्यात ‘२-२०’ असा आकडा होता. मी तो सहजपणे दोन पूर्णांक वीस शतांश एकर असा वाचला आणि फळ्यावर हिश्श्यांचा हिशेबही मांडला. मुलाबरोबर आलेले त्याचे वडील शांतपणे म्हणाले, “सर, ते गुंठे हायत. वीस गुंठे म्हंजे अर्धा एकर.” चाळीस गुंठ्यांचा एकर आणि सोळा आण्यांचा गुंठा हे गणित मला पाठ होते, पण डोळ्याला दशांश चिन्हाची सवय. माझ्या वाचनात त्या कुटुंबाची बारा गुंठे जमीन कमी झाली होती. महाराष्ट्रात हेक्टर-आर रूढ झाल्यामुळे ही चूक आपल्याकडील सुशिक्षितांकडूनच अधिक होते.

पहाणीचे मर्म नवव्या, दहाव्या आणि अकराव्या रकान्यांत आहे. नवव्यात खातेदाराचे नाव, त्याचे क्षेत्र व खाते क्रमांक असतो. दहाव्यात ती जमीन त्याच्याकडे कशी आली हे सांगणारा फेरफाराचा क्रमांक असतो. अकराव्यात इतरांचे हक्क आणि बोजा. बहुतेक लोक नववा रकाना पाहून कागद घडी करतात. परंतु नवव्यातील नाव हा निष्कर्ष असतो आणि त्याचे कारण दहाव्यात असते. फेरफाराचा क्रमांक घेऊन मूळ नोंदवहीची नक्कल मागितल्याशिवाय ते कारण कळत नाही. कर्नाटक भूमहसूल अधिनियम १९६४ चे कलम १३३ म्हणते की, नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. म्हणजे नोंदीने मालकी निर्माण होत नाही. ती नाकारणाऱ्यावर पुराव्याचे ओझे मात्र पडते. फौतीच्या फेरफारात मुलांची नावे लागतात आणि मुलीचे राहून जाते, हे आपल्या समाजातही घडते. शरियतने मुलीचा हिस्सा निश्चित केला आहे हे आपण व्यासपीठावरून सांगतो. नवव्या रकान्यात तिचे नाव आहे का, हे किती जणांनी पाहिले?

आता तिसऱ्या रकान्याकडे. येथे एकूण क्षेत्रातून पोटखराब वजा केलेला असतो. त्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन प्रकार आहेत. कर्नाटक भूमहसूल नियम १९६६ मधील नियम २१ प्रमाणे, सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, रस्ता किंवा मान्य पायवाट, इतरांच्या वापरातील तळे व ओढा, तसेच दफनभूमी आणि स्मशान यांचे क्षेत्र ‘ब’ खराब म्हणून दाखवावयाचे असते. एखाद्याच्या सर्व्हे नंबरात जुने कब्रस्तान असेल तर पहाणीवर त्याचे नाव दिसेलच असे नाही. दिसतो तो खराबाचा आकडा, समजा पंधरा गुंठे. तो कशाचा आहे हे टिप्पण आणि आकारबंद पाहिल्यावर कळते. गावाकडे ‘कब्रस्तानाची कुठे नोंदच नाही’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. काही ठिकाणी ती खरी असेल. काही ठिकाणी मात्र नोंद आहे. ती एका आकड्याच्या रूपात आहे आणि आपण ती वाचलेली नाही.

पहाणीच्या मागे गेले की निजामकाळ लागतो आणि लिपी पुन्हा बदलते. सेतवार, वसूलबाकी, इनामांच्या चौकशीनंतर दिलेला मुंतखब, हे सारे उर्दूत, बहुधा घाईच्या शिकस्ता वळणात. वर्ष फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. पण हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी, आजूर महिन्यापासून सुरू होई. त्यामुळे जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१ मिळवावे लागतात. १३१७ फसलीचा हैदराबाद भूमहसूल कायदा म्हणूनच १९०७-०८ चा ठरतो. ही एका वर्षाची गफलत वारसाच्या दाव्यात महागात पडू शकते.

मुंतखबातील एखादा शब्द किती वजनाचा असतो हे न्यायालयीन निकालांतून दिसते. मदद-ए-माश हा निर्वाहासाठी व्यक्तीला दिलेला इनाम, तर मशरुत-उल-खिदमत हा मशिदीची किंवा दर्ग्याची सेवा करण्याच्या अटीवर दिलेला. १९९८ मध्ये सय्यद अली विरुद्ध आंध्र प्रदेश वक्फ बोर्ड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वक्फ जमिनीला इनाम-निर्मूलन कायद्याखाली पट्टा मिळाला म्हणून तिचे वक्फ स्वरूप नष्ट होत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने हैदराबादजवळच्या मणिकोंडा जागिरीची १,६५४ एकर जमीन राज्याकडे निहित झाल्याचा निर्णय दिला. पहिला निकाल आपल्या सभांमध्ये नेहमी उद्धृत होतो, दुसऱ्याचा उल्लेख होत नाही. दोन्ही एकत्र वाचल्यास स्पष्ट होते की, ‘दर्ग्याची जमीन’ एवढ्या शब्दांनी काहीच ठरत नाही. अनुदान कोणत्या प्रकारचे होते आणि कोणत्या कायद्याने त्याचे पुढे काय झाले, हे कागदावरून दाखवावे लागते.

न वाचलेला कागद दोन्ही बाजूंना कसा पोळतो हे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये विजयपूर जिल्ह्यात दिसले. शेतकऱ्यांना नोटिसा गेल्या, काही पहाण्यांच्या अकराव्या रकान्यात वक्फचे नाव लागले आणि होनवाड गावची सुमारे १,२०० एकर जमीन वक्फने घेतल्याची बातमी देशभर पसरली. सरकारच्या स्पष्टीकरणानुसार १९७४ च्या राजपत्रात विजयपूरच्या महालबागायतपुढे कंसात होनवाड हे नाव चुकून पडले होते आणि १९७७ मध्ये ते दुरुस्तही झाले होते. होनवाडात वक्फची जमीन होती ती अकरा एकरांच्या आसपास, बहुतेक कब्रस्तानाची. नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांनी नोटिसा मागे घेण्यास सांगितले. कंसातील एक नाव आणि न पाहिलेले शुद्धिपत्र यांतून शेतकऱ्याची झोप उडाली, तशी शेजारच्या मुसलमानाचीही. नोटीस काढणाऱ्याने, बातमी देणाऱ्याने किंवा बचाव करणाऱ्याने १९७७ चा कागद प्रथम उघडला असता तर काय झाले असते, हा प्रश्न सर्वांनाच लागू आहे.

२०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने ही गरज आणखी तीव्र केली. ‘वापराने वक्फ’ ही संकल्पना पुढील काळासाठी वगळली गेली आणि ६ जून २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘उम्मीद’ पोर्टलवर मालमत्तांचा तपशील भरण्यास सहा महिन्यांची मुदत मिळाली. कायद्याच्या गुणदोषांची चर्चा येथे करीत नाही. त्या सहा महिन्यांत खेड्यातील मुतवल्लीला पोर्टल भरून देणारा तरुण मिळाला असेल; पेटीतला मुंतखब वाचून देणारा मिळणे मात्र कठीण होते. मराठवाड्यानेही हे अनुभवले आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन दप्तरे उघडली आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली.

येथे आपल्या संस्थांवर थोडी टीका करणे भाग आहे. आपण उर्दू शिकवतो ती गझल, अफसाना आणि परीक्षेपुरती. शिकस्ता वळण, फसली महिने, महसुली संक्षेप आपल्या अभ्यासक्रमांत शोधूनही सापडत नाहीत. ज्या समाजाकडे ही लिपी जिवंत आहे त्यानेच ती दप्तराच्या कामी लावू नये, हे विचित्र आहे. कम्युनिटी कॉलेजमध्ये आपण संगणक चालविणारे घडवतो, आणि ते तहसील कचेरीबाहेर पहाणी काढून देतातही. गिऱ्हाइकाने “यात काय लिहिलंय?” असे विचारले की, “वकिलाला दाखवा” एवढेच त्यांना सांगता येते.

माझ्या वर्गात यंदा एक साधा स्वाध्याय दिला. प्रत्येकाने आपल्या गावच्या कब्रस्तानाचा किंवा स्मशानाचा सर्व्हे नंबर शोधावा, त्याची आजची पहाणी काढावी, तिसऱ्या रकान्यातील खराब व दहाव्यातील फेरफार वहीत उतरवावा आणि त्या फेरफाराच्या नकलेसाठी तालुक्याला अर्ज करावा. चौघांना नकला मिळाल्या. चिंताकी होबळीच्या मुलाला त्याच्या नंबराचे जुने पान मिळाले ते उर्दूत. त्याच्या मराठीभाषक मित्राने कन्नड पहाणी वाचली आणि त्याच्या आजीने, चष्मा पुसत, उर्दू. गुंठ्यांचा आकडा दोन्हीकडे सारखा निघाला. टिप्पणाचा अर्ज अजून प्रलंबित आहे.