बायांनी लावलेला क्रम

अडलेलं बाळंतपण जास्त गंभीर, की मूल न होणं? वैद्यकीय महाविद्यालयाच्या कुठल्याही वर्गात विचारा, उत्तर एकच येईल. अडलेल्या बाळंतपणात आई दगावते, बाळ दगावतं. मूल न होण्याने कुणाचा जीव जात नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या खेड्यांमधल्या बायांना आजारांचा क्रम लावायला सांगितला, तेव्हा बायांनी हे दोन्ही आजार शेजारी शेजारी, सगळ्यात वर ठेवले. कारणही सांगितलं. बाळंतपणात अडलेली बाई एकदा मरते, मूल नसलेली रोज मरते.

आरोग्याच्या क्षेत्रात गुणात्मक संशोधन शिकू पाहणाऱ्याने आधी या एका उत्तराजवळ थांबावं, असं मला मनापासून वाटतं. एखादी उत्तम कविता वाचावी तसं ते पुन्हा पुन्हा वाचण्याजोगं आहे.

आधी ते कसं मिळालं ते पाहू. पद्धत दिसायला अगदी साधी. बायांना विचारायचं, आपल्या बायकांना कोणकोणते आजार होतात? त्या सांगतील ते सगळं, सांगतील त्याच शब्दांत उतरवून घ्यायचं. मध्ये सुचवायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. मग एकेका आजाराचं एकेक कार्ड करायचं. वाचता येत नसेल तर चित्र काढायचं. ही कार्डं जमिनीवर मांडून म्हणायचं, यातले एकमेकांसारखे आजार एकत्र ठेवा. बाया गट पाडतात. शेवटी म्हणायचं, आता सगळ्यात भारी आजार वर ठेवा. कार्डं सरकू लागतात, बाया आपसांत वाद घालतात, एकीने ठेवलेलं कार्ड दुसरी उचलते. संशोधकाचं खरं काम इथे सुरू होतं. हे कार्ड वर का गेलं, एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं.

त्या ‘का’मध्ये सगळं सामर्थ्य आहे. हाच प्रश्न छापील फॉर्मवर असता, गांभीर्याला एक ते पाच गुण द्या असा, तर वंध्यत्वापुढचा मोठा आकडा पाहून एखाद्या विश्लेषकाने निष्कर्ष काढला असता की इथे आरोग्यशिक्षण कमी पडतंय. कारण विचारलं आणि दिसलं की बायांचा हिशेब पक्का आहे, फक्त त्यांचं माप वेगळं आहे. डॉक्टर गांभीर्य मोजतो ते मृत्यूने. बाया मोजतात ते जगण्याने: घरात सवत येईल का, ओटी भरताना आपल्याला बाजूला ठेवतील का, म्हातारपणी कोण बघेल. मृत्यू त्यांच्या मापात आहेच, म्हणून तर अडलेलं बाळंतपणही वरच आहे. त्यांनी डॉक्टरचं माप नाकारलं नाही, त्याच्या शेजारी आपलं ठेवलं. असं उत्तर ऐकल्यावर, वंध्यत्व हा गरिबांच्या आरोग्याचा प्रश्नच नव्हे असं कुठल्या धोरणकर्त्याला म्हणता येईल?

बंग दाम्पत्यालाही हे ऐकणं आयतं मिळालं नव्हतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग परतले आणि १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. चंद्रपूरपासून वेगळा होऊन हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी तयार झाला, म्हणजे तेव्हा तो जेमतेम चार वर्षांचा होता. सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं आदिवासींमधल्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं. संशोधन चोख होतं, पण लोकांनी ते मागितलेलंच नव्हतं. तो प्रश्न त्यांना आपला वाटत नव्हता. यापुढे लोकांच्या गरजेतून येईल तेच संशोधन करायचं, हा या जोडप्याचा निश्चय त्यातून झाला. डॉ. अभय बंग यांनी हे जाहीरपणे सांगितलं आहे, आणि त्या प्रांजळपणामुळे पुढच्या कामावरचा विश्वास वाढतो.

पुढचं काम म्हणजे ‘लॅन्सेट’मध्ये जानेवारी १९८९ मध्ये आलेला लेख. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, सरासरी प्रत्येकीला तीनहून अधिक. याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असं मानणाऱ्या जगाला हे आकडे जड गेले. मला मात्र त्यातला आणखी एक आकडा महत्त्वाचा वाटतो. स्वतःहून तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या, ४५ टक्क्यांना काहीच तक्रार नव्हती. ऐकण्याचं कौतुक करताना ही मर्यादा विसरू नये. नुसतं ऐकलं असतं तर पुष्कळ आजार हाती लागलेच नसते. त्याला तपासणीच हवी होती. आणि नुसती तपासणी केली असती, तर बाई एवढं सोसून गप्प का राहते हे कळलं नसतं. म्हणून पुढे अंगावरून पांढरं जाण्याबद्दल बाया काय समजतात, कशाला कारण मानतात, काय उपाय करतात, याचा वेगळा अभ्यास झाला. जोएल गिटलसोन, मार्गारेट बेंटली, पर्टी पेल्टो आदींनी संपादित केलेल्या ‘लिसनिंग टू विमेन टॉक अबाउट देअर हेल्थ’ या १९९४ च्या ग्रंथात तो आहे. राणीताईंचं मराठी पुस्तक ‘कानोसा’ याच वाटेवरचं. आकडा आणि गोष्ट यांत भांडण लावणाऱ्यांनी हे सगळं एकत्र वाचावं.

ऐकलेलं खरंच ऐकलं गेलं, याची खूण कागदाबाहेर शोधावी लागते. आदिवासींना विचारलं गेलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तर आलं, तिथली माणसं पांढऱ्या कपड्यांत असतात. पांढऱ्या कापडात आम्ही मेलेल्याला गुंडाळतो. नातेवाइकांना तिथे थारा नाही आणि देवही नाही. अंधश्रद्धा म्हणून हे उत्तर बाजूला सारणं सोपं होतं. ‘सर्च’ने त्याला आराखड्याचा दर्जा दिला. शोधग्राम या संस्थेच्या परिसरातला दवाखाना आदिवासी गावासारखा झोपड्यांचा झाला, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येईल असा, आणि नाव दिलं गेलं माँ दंतेश्वरी देवीचं. संशोधनातलं उत्तर भिंतींपर्यंत पोचलेलं असं क्वचित पाहायला मिळतं.

दाईंचंही तसंच. बाळाचा न्यूमोनिया ओळखायला मिनिटातले श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळात साठ, त्यापुढे पन्नास ही धोक्याची रेघ. दाईंना एवढी मोजणी येत नव्हती. त्यांना नापास करण्याऐवजी साधन बदललं गेलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा, लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. माणसाला जे येतं तिथून सुरुवात करायची, हा विचार या साधनात आहे.

आज मुंबई-पुण्यातून, परदेशातूनही विद्यार्थी प्रश्नावली घेऊन चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत जातात. त्यांना एक विनंती. माडिया किंवा गोंडी येत नसेल तर दुभाषी कोण आहे, हे आधी पाहा. बाईच्या आजाराबद्दल तिचा दीर किंवा गावचा पुढारी बोलणार असेल तर ती मुलाखत तिची नव्हे. गटात बाया काय म्हणतात आणि एकटी असताना बाई काय म्हणते, दोन्ही ऐका. सांगणारीच्या वाक्याला तुमच्या विषयाची भाषा चढवण्याआधी तिचे शब्द जसेच्या तसे लिहा. आणि तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळं उत्तर आलं, तर ते चूक ठरवण्याआधी कारण विचारा. गडचिरोलीतल्या बायांनी लावलेला क्रम आपल्यापर्यंत पोचला, तो हे कारण विचारलं गेलं म्हणून.