खान्देशातील मैफल : नाट्यगृहातली आणि अंगणातली

प्रत्यक्ष मैफलीत श्रोता गाण्याचा भागीदार असतो. विलंबित ख्याल किती लांबवायचा, द्रुत बंदिशीकडे केव्हा वळायचे, ठुमरी घ्यायची की नाट्यपद, हे कलावंत पुष्कळदा समोरच्या माना बघून ठरवतो. समेवर शेदोनशे माणसे एकदम डोलतात, तेव्हा पुढची तान वेगळीच निघते. ध्वनिमुद्रणात ही देवघेव नसते. खान्देशात हा आनंद दोन जागी मिळतो : जळगाव-धुळ्याच्या नाट्यगृहांत आणि जत्रा-जागराच्या मांडवांत. या दोन जागांचे श्रोते एकमेकांकडे फारसे फिरकत नाहीत, आणि इथल्या संगीतजीवनाची मुख्य उणीव तीच आहे.

नाट्यगृहाच्या परंपरेला जळगावात मोठा आधार आहे. बालगंधर्व (1888–1967) यांना गायनाचे सुरुवातीचे धडे याच गावात मेहबूबखाँ यांच्याकडे मिळाले. पुढे संगीत नाटक मंडळ्यांचे वऱ्हाड-खान्देशचे दौरे ठरलेले असत. कापसाच्या पैशावर पोसलेल्या या पेठांमध्ये नाट्यपदांना वन्समोअर मागणारा श्रोता तयार झाला. शहरातले खुले नाट्यगृह बालगंधर्वांच्याच नावाचे आहे. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठानचा बालगंधर्व संगीत महोत्सवही त्याच स्मृतीशी जोडलेला. दर जानेवारीत तीन दिवस चालणारा हा महोत्सव अलीकडे छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात होतो. गायन, वादन आणि नृत्य या तिन्ही कला एका व्यासपीठावर आणून जळगावकरांना वर्षातून एकदा का होईना, पण देशभरचे कलावंत समोरासमोर ऐकवणे, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. काळही योग्य निवडलेला. खान्देशच्या 44-45 अंशांच्या उन्हाळ्यात श्रोत्याने बसायचे तरी कसे?

मात्र मैफलीची रात्र आखडली आहे. ध्वनिप्रदूषणविषयक 2000 च्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारने ठरवलेल्या मोजक्या दिवशीच ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढते. बंद सभागृहाला सूट असली, तरी आयोजकांनी आणि श्रोत्यांनीही घड्याळाची सवय लावून घेतली आहे. परिणामी संध्याकाळचे मारवा-पूरिया आणि पहिल्या प्रहराचे यमन-भूप तेवढे वारंवार कानी पडतात. दरबारी, मालकंस यांची खरी वेळ येण्याआधीच भैरवी होऊन जाते. नियम लोकांच्या झोपेसाठी आवश्यकच आहे. पण पहाटेच्या सभा वाढवून हे नुकसान काही अंशी भरून काढता येते, आणि दिवाळी पहाटने तो मार्ग दाखवलाही आहे. फक्त तिथे रागसंगीतापेक्षा भावगीते आणि चित्रपटगीतेच जास्त होतात. धुळ्यात राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर आहे. तिथल्याही कार्यक्रमांचा कल बराचसा सुगम संगीताकडे दिसतो.

आता अंगणातली मैफल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते आणि रात्रभर बायका अहिराणी गाणी म्हणतात. इथे तिकीट नाही, ध्वनिक्षेपकाची गरज नाही. म्हणणारी आणि ऐकणारी यांत भेदही नाही. डफाच्या तालावरचे वहीगायन, साक्रीच्या डोंगराळ भागात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात वाजणारी भोपळ्याची पावरी, जत्रांमधला खान्देशी तमाशा, हे सगळे प्रत्यक्ष हजेरीवरच जगणारे संगीत आहे. पावरीवाल्याचा श्वास आणि नाचणाऱ्यांची पावले एकमेकांना धरून चालतात. त्यांतले एक काढले की दुसरे लंगडे पडते. लग्नाच्या वरातीतल्या बँडवाल्यांची जागा मात्र डीजेने बरीच बळकावली. अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा वाजतात, ही भाषेच्या दृष्टीने चांगली गोष्ट; पण त्या प्रसिद्धीतून प्रत्यक्ष वाजवणाऱ्याच्या हाताला मिळणारे काम वाढतेच असे नाही.

दोन्ही जागांमधला पूल बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांच्या कवितेने बांधला. जात्यावर, शेतात सुचलेल्या या रचना 1952 मध्ये पुस्तकरूपाने आल्या आणि ‘मानिनी’ (1961) चित्रपटातून महाराष्ट्रभर गायल्या गेल्या. जळगावच्या ‘परिवर्तन’ संस्थेने त्यांवर सांगीतिक कार्यक्रम रंगमंचावर आणला. मात्र लोकगीताला सभागृहात आणताना आयोजक सहसा त्याला सुगम संगीताचा वाद्यमेळ चढवतात आणि डफ-पावरीचा उघडा, खरखरीत नाद सिंथेसायझरखाली दडपला जातो. मग शहरी श्रोत्याला ऐकायला मिळतो तो लोकसंगीताचा धुतलेला नमुना.

म्हणून खान्देशातल्या महोत्सवांनी एक सभा वहीगायकांना आणि पावरीवादकांना त्यांच्याच वाद्यांसह, त्यांच्याच वेळेइतकी, आणि शास्त्रीय कलावंतांच्या तोडीच्या मानधनावर द्यावी. पाहुण्या कलावंतांना दाद देण्यात जळगावचा श्रोता कमी नाही. शेजारच्या गावचे गाणे ऐकण्याची बैठक मात्र त्याने अजून जमवलेली नाही.