नोंदवहीत बावखल कुठे लिहायचं?

सरकारी फॉर्मचं परीक्षण सहसा कुणी लिहीत नाही. लिहायला हवं. कुणी बोलायचं, किती बोलायचं आणि कुठे थांबायचं हे फॉर्मच्या रकान्यांतच ठरलेलं असतं. ‘लोकजैवविविधता नोंदवही’ हा असाच एक वाचण्यासारखा दस्तऐवज आहे.

माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना नव्वदच्या दशकात रुजवली. झाडं, मासे, पिकांची वाणं यांबद्दल गावाला जे ठाऊक आहे, ते अभ्यासकांच्या सोबतीने गावानेच लिहून काढायचं. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिकेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला सांगितलं. २००४च्या नियमांनी नोंदवही तयार करणं हे त्या समितीचं मुख्य काम ठरवलं.

फॉर्म वाचताना आधी बरंच वाटतं. स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव शेजारी-शेजारी बसतात. ज्ञान कुणाकडून आलं, हे लिहायला जागा आहे. वाडीत आयुष्य घालवलेल्या आजीचं म्हणणं सरकारी कागदावर येतं, ही लहान गोष्ट नाही.

आता हा फॉर्म वटारमध्ये भरून पाहू. राजेळी केळं फळपिकांच्या तक्त्यात जाईल. जवळच्या आगाशीची प्रसिद्ध सुकेळी याच केळ्याची, ते ‘उपयोग’मध्ये लिहू. मासे वेगळ्या तक्त्यात, तळी आणखी वेगळ्या.

आणि बावखल? वसईच्या वाड्यांतलं हे खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, विहिरी भरते. समुद्र इतका जवळ असताना जमिनीखालचं गोडं पाणीच खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरतं. बावखल बुजलं की पाणी मुरायची एक जागा जाते, आणि उपसा चालूच राहिला तर विहिरी मचूळ होतात. मग केळीची बाग टिकणं अवघड. गावाचं खरं ज्ञान या साखळीचं आहे. नोंदवहीत मात्र साखळीच्या कड्या सुट्या होऊन वेगवेगळ्या पानांवर पडतात.

मी दिवसभर डेटाबेसमध्ये काम करतो. तक्ते नीट भरलेले असले, पण त्यांना जोडणारा दुवा नसला, तर सगळी माहिती असूनही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. इथे तेच होतं. ‘पूर्वीची स्थिती’ आणि ‘सध्याची स्थिती’ असे दोन रकाने आहेत. ‘पूर्वी भरपूर, आता दुर्मीळ’ असं लिहिता येतं. या दोन शब्दांमध्ये काय घडलं, कुणी भराव टाकला, हे विचारणारा रकाना नाही.

भरीला घाई. २०१६मध्ये देशात जेमतेम १,३८८ नोंदवह्या होत्या. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर महिन्याला दहा लाखांचा दंड सांगितला. काही वर्षांत नोंदवह्या अडीच लाखांवर गेल्या. इतक्या वेगात तक्ते भरता येतात, वर्षभर माणसांसोबत वाडीत फिरता येत नाही.

पण फॉर्म सुधारून भागेल का? कायद्याचं कलम ४१(२) वाचा. जैविक संसाधनांच्या वापराबद्दल निर्णय घेताना राष्ट्रीय प्राधिकरण आणि राज्य मंडळाने या समित्यांचा सल्ला घ्यायचा आहे. जमिनीच्या वापराचा आराखडा करणारा, बांधकामाला परवानगी देणारा या वाक्यात नाही. राजेळीवर संशोधन करायला येणाऱ्या परदेशी कंपनीच्या अर्जावर समितीचा सल्ला लागतो. राजेळीचं पाणी तोडणाऱ्या भरावावर लागत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात गावकरी आणि बाहेरचे अभ्यासक अभ्यासगटात एकत्र बसत आले. तिथे अभ्यासाला वजन आलं, कारण निर्णय सर्वसहमतीने ग्रामसभा घेते, आणि २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्कही गावाला मिळाला. जंगलाबद्दल कळलेलं जंगलात वापरता येतं.

‘शास्त्रज्ञ आणि समाज एकत्र यावेत’ हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण एकत्र यायला दोघांना समान प्रश्न हवा आणि उत्तर मिळाल्यावर काही बदलायची ताकद हवी. वसईत तरुणांनी गेल्या काही वर्षांत बावखलं उपसून साफ केली आहेत, म्हणजे प्रश्न तयार आहे. भूजलाच्या अभ्यासकाने त्यांच्यासोबत दर महिन्याला विहिरींची खारटी मोजावी, आणि भरावाची परवानगी देण्याआधी ते आकडे बघणं बंधनकारक व्हावं. तोवर नोंदवही म्हणजे नीट ठेवलेली मृत्युनोंद.