काळ्या शाईचा हिशेब

आपल्यातल्या काही कवींना वाटतं, ओबडधोबड लिहिलं की झालं विद्रोही. आणि पांढरपेशे टीकाकार आपल्या भाषेला 'कच्ची, अस्सल' म्हणत पाठीवर थाप मारतात. या दोघांनीही कॅथे कोल्विट्झ या जर्मन बाईचा एक लाकूडठसा नीट बघावा.

१५ जानेवारी १९१९ ला बर्लिनमध्ये कामगारांचा पुढारी कार्ल लीबक्नेख्टला सैनिकी अधिकाऱ्यांनी गोळ्या घातल्या. घरच्यांनी बोलावलं म्हणून कोल्विट्झ शवागारात गेली, प्रेताची चित्रं काढली. ती काही त्याच्या पक्षाची नव्हती. आधी तिनं पत्र्यावर आम्लानं कोरून पाहिलं, मग शिळाछाप केला. समाधान होईना. १९२० मध्ये बार्लाखचे लाकूडठसे बघितले आणि पटाशी हातात घेतली.

लाकडात भानगड अशी, की कोरलं ते पांढरं राहतं, न कोरलेलं शाई खातं. काळं आयतं मिळतं. उजेड मात्र एकेक ढलपी काढून मिळवावा लागतो, आणि चुकलं तर ढलपी परत चिकटत नाही. आता ठसा बघा. खाली कफनातलं आडवं प्रेत पांढरं, वर वाकलेले कामगार काळेभोर. एकाचा भलाथोरला पंजा प्रेताच्या छातीवर. मऊपणा कुठंच नाही. हा कच्चेपणा तिसऱ्या खेपेला हाती आलाय, आळसानं नाही.

तिच्याआधी, १९०५ मध्ये, ड्रेस्डेनच्या किर्शनर, हेकेल या पोरांनी 'ब्र्यूके' गट काढला. लाकडाची ही ताकद त्यांनी आधी ओळखली, मान्य. पण त्यांचा रांगडेपणा बराचसा तिथल्या संग्रहालयातून आलेला. पलाऊ बेटांवरच्या कोरीव तुळया तिथं होत्या, आणि पलाऊ तेव्हा जर्मनीची वसाहत. दुसऱ्याचा रांगडेपणा उचलायचा आणि बंडखोर ठरायचं, हे मला पचत नाही.

कोल्विट्झचीही एक तक्रार आहे. मी मागावरचा माणूस. तिच्या विणकरांच्या उठावाच्या सहा चित्रांत (१८९३–९७) पहिल्यात आजारी पोर, डोकं धरून बसलेली आई, मागे अंधारात माग. मी आधी मागच बघितला. तिथली शाई करडी, मायाळू. पण चौथ्या चित्रात तेच विणकर कुऱ्हाडी घेऊन निघालेत. लीबक्नेख्टच्या ठशात शाई धारदार झाली, माणसं मात्र सगळी वाकलेली. एकाचीही मान वर नाही.